मुरुमे, तांबडा रस्सा आणि एक मलम

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. वर्षभर तिच्या कपाळावर आणि गालांवर मुरुमे येत आहेत. तांबड्या रश्श्याची उष्णता बाधते, असे शेजारी म्हणतात. औषधांच्या दुकानातून आणलेल्या मलमाने आठ दिवसांत चेहरा स्वच्छ झाला. ते थांबवताच मुरुमे दुपटीने आली. काय करावे?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : रश्श्याला दोष देऊ नका. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात, मृत पेशींमुळे रंध्रांची तोंडे बुजतात आणि आत अडकलेल्या तेलात जिवाणू वाढून सूज येते. फार गोड खाण्याने मात्र काहींची मुरुमे वाढतात.

मला खरी काळजी वाटते ती त्या मलमाची. नळीवरची बारीक अक्षरे वाचा : बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. ते सूज तात्पुरती दडपते, पण त्वचा पातळ करते आणि थांबवल्यावर मुरुमे उसळतात. तीच नळी सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

सौम्य मुरुमांवर सहसा रात्री ०.१ टक्का अ‍ॅडापॅलीन (रंध्रे मोकळी करणारे मलम), वाटाण्याएवढे घेऊन संपूर्ण चेहऱ्यावर, आणि जोडीला २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (जिवाणू मारणारे मलम) देतात. (बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घाला.) सुरुवातीला त्वचा कोरडी पडते आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत औषध बदलू नका. खोल, दुखणाऱ्या गाठी असतील तर मात्र वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण त्यांचे खड्डे कायमचे राहू शकतात.