उगाली, घड्याळ आणि शिकामू

प्रश्न : मुलगी स्वयंसेवी कामाच्या प्रशिक्षणासाठी तीन महिने टांझानियात, मोरोगोरोला, एका कुटुंबात राहणार आहे. पक्की शाकाहारी. निभेल का तिचं?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, निभेल. २००९ साली मीही तिथंच शिकाऊ होते. पोटाची चिंता सोडा. रोज उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत घेवड्याची उसळ नाहीतर म्चिचा, जो चवीला थेट आपला माठ. गोळा उजव्या हातात दाबायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, त्यात भाजी उचलायची. माझा गोळा आठवडाभर फुटत होता नि घरातली पोरं हसून लोळत होती. चपाती तिथंही चपातीच, चहा ‘चाय’. फक्त तिथल्या स्वाहिली भाषेत ‘सिली न्यामा, सिली समाकी’ पाठ करू द्या : मी मांस खात नाही, मासे खात नाही.

खरी गंमत घड्याळाची. भाषेच्या तासाला ‘सा म्बिली’ला या म्हणाले. म्बिली म्हणजे दोन, एवढं मला येत होतं. दुपारी दोनला ऐटीत पोचले, तर वर्गाला कुलूप! तिथं तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन.

आणि हो, वडीलधाऱ्यांना आधी ‘शिकामू’, म्हणजे आदराचा नमस्कार. ते उत्तरादाखल ‘मराहाबा’ म्हणेपर्यंत पुढचं बोलायचं नाही. मी एकदा घाईत तशीच निघाले, तर घरच्या आजींनी अंगणातून परत बोलावलं. बस चुकली.

आंघोळीला अर्धी बादली मिळेल. केस कापून पाठवा.