पासंग कुणाच्या पारड्यात?

वाचकांचे प्रश्न : फँटसी फुटबॉलमधले ट्रेड

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी, तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा. फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंतून आपापला कागदी संघ निवडायचा (तो ड्राफ्ट) आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर दर आठवड्याला गुण मिळवायचे; आपसांत खेळाडूंची अदलाबदल म्हणजे ट्रेड. सप्टेंबर लागला की तिकडच्या ऑफिसांत आणि मराठी मित्रमंडळींतही लीग सुरू होतात. ऑक्टोबर अर्धा सरला की ड्राफ्टचे प्रश्न आटतात आणि ‘हा ट्रेड बरोबर झाला का?’ अशी भांडणं आमच्यापर्यंत येऊ लागतात.

प्रश्न : आमची बारा संघांची लीग आहे, हाफ पीपीआर (दर झेलाला अर्धा गुण). एका मित्राने आठवड्याला सरासरी १४ गुण देणारा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) आणि ११ गुण देणारा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) असे दोघे देऊन १८ गुणांचा एकच रनिंग बॅक घेतला. २५ देऊन १८ घेतले, म्हणजे त्याला सरळ लुटलं असं सगळे म्हणताहेत. दोन्ही संघांच्या याद्या सोबत पाठवतो. – एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : याद्या पाठवल्यात ते फार बरं केलंत, कारण त्यांच्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. गुण मैदानात उतरवलेल्या खेळाडूंचेच धरले जातात. बेंचवरच्याने तीन टचडाउन केले तरी तुमच्या खात्यात शून्य. म्हणून दिलेल्यांची आणि घेतलेल्यांची बेरीज करायची नाही. ट्रेडआधीची फळी आणि ट्रेडनंतरची फळी मांडायची, दोन्ही संघांची, आणि फरक काढायचा.

तुमच्या मित्राचे आधीचे रनिंग बॅक १२ आणि ११, रिसीव्हर १६ आणि १५, आणि फ्लेक्सच्या, म्हणजे रनिंग बॅक किंवा रिसीव्हर कुणीही चालतो त्या, जागी तो १४ वाला रिसीव्हर. एकूण ६८. नंतर रनिंग बॅक १८ आणि १२, रिसीव्हर तेच, आणि फ्लेक्समध्ये बेंचवरचा १० वाला. एकूण ७१. आठवड्याला तीन गुण वाढले.

समोरच्याचे आधीचे रनिंग बॅक १८ आणि ७, रिसीव्हर १३ आणि ६, फ्लेक्स ६. एकूण ५०. नंतर रनिंग बॅक ११ आणि ७, रिसीव्हर १४ आणि १३, फ्लेक्स ६. एकूण ५१.

म्हणजे ज्याला ‘लुटलं’ त्याला तीन मिळाले आणि ‘लुटारू’च्या हाती एक लागला. मित्राचे रनिंग बॅकच्या जागी सात वाढले (११ च्या जागी १८) आणि फ्लेक्समध्ये चार गेले (१४ च्या जागी १०). समोरच्याचे तेच सात गेले, पण ६ गुणांच्या रिसीव्हरचं खिंडार बुजल्यामुळे आठ आले. दोघांचंही भलं झालंय. क्वार्टरबॅक (पास फेकणारा), टाइट एंड, किकर, डिफेन्स या बाकीच्या जागांवरचे जागच्या जागी असल्याने ते हिशेबात घेतले नाहीत.

आता पासंग. दोन खेळाडू घेणाऱ्याला संघात जागा करण्यासाठी एकाला सोडावं लागतं. एक घेणाऱ्याची जागा मोकळी होते आणि तो वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्यांतून, कुणालातरी उचलतो. समोरच्याने नेमकं कुणाला सोडलं ते बघा. कधीच न खेळवलेला पाचवा रिसीव्हर सोडला असेल तर ठीक. पण आपल्याच रनिंग बॅकचा बदली खेळाडू सोडला असेल, तर तो एक गुण पहिल्या दुखापतीतच वाहून जाईल.

शिवाय १८ हा आकडा कुठून आला तेही तपासा. दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा. ५० यार्ड आणि दोन टचडाउन म्हणजे १७ गुण. तेच ५० यार्ड बिनटचडाउनचे म्हणजे पाच. टचडाउन लहरी असतात, एखाद्या महिन्यात धो धो पडतात आणि मग आटतात. खेळाडूला चेंडू किती वेळा दिला जातो, त्याच्या दिशेने किती पास फेकले जातात आणि संघाच्या किती टक्के डावांत तो मैदानावर असतो, हे तीन आकडे गेल्या तीन-चार सामन्यांचे काढा. ते टिकून असतील तर १८ खरे माना. ते घसरत असतील आणि गुण नुसत्या टचडाउनवर उभे असतील, तर पुढच्या आठवड्यांसाठी १३-१४ धरून हिशेब पुन्हा मांडा. तेव्हा मात्र तुमच्या मित्राचा फायदा उलटा फिरतो.

प्रश्न : माझ्याकडे आठवड्याला २१ गुण देणारा क्वार्टरबॅक आहे. त्याच्या बदल्यात १६ गुणांचा रनिंग बॅक मिळतोय. पाच गुणांचा तोटा कशाला सोसू? – ऑस्टिन, टेक्सस

उत्तर : तोटा नाहीच. खेळाडूची किंमत तो किती गुण देतो यावर ठरत नाही. त्याच जागेवर वेव्हरवर फुकट मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा तो किती जास्त देतो, यावर ठरते. बारा संघांच्या लीगमध्ये एकेकच क्वार्टरबॅक खेळवत असाल तर आठवड्याला बाराच लागतात, आणि एनएफएलमध्ये संघ आहेत ३२. वेव्हरवर १६-१७ गुणांचा कुणीतरी कायम पडलेला असतो. म्हणजे तुमच्या क्वार्टरबॅकची खरी किंमत चारपाच गुण. रनिंग बॅक मात्र चोवीस खेळतात, फ्लेक्स धरला तर तीसच्या वर, आणि मागे उरतो तो सहासात गुणांचा गाळ. १६ वाल्याची किंमत नऊदहा झाली. तुमच्या यादीत दुसरा रनिंग बॅक कमकुवत असेल तर डोळे झाकून घ्या.

लीग सुपरफ्लेक्स असेल, म्हणजे दुसरा क्वार्टरबॅकही उतरवता येत असेल, तर हे सगळं पालटतं. तिथे ३२ पैकी चोवीस दर आठवड्याला खेळतात, बाकीचे लोकांच्या बेंचवर दडलेले असतात आणि वेव्हर कोरडा पडतो. तिथे हाच ट्रेड म्हणजे लाखाचे बारा हजार.

प्रश्न : दोन्ही बाजूंच्या खेळाडूंचा भाव काढणारा ट्रेड कॅलक्युलेटर ५२ विरुद्ध ४८ दाखवतोय. विश्वास ठेवावा का?

उत्तर : सुरुवातीच्या अंदाजापुरता. त्याला तुमची फळी ठाऊक नसते. सहा-सहा गुणांचे चार खेळाडू एकत्र केले की कॅलक्युलेटरवर एका अव्वल खेळाडूशी वजन जुळतं, पण मैदानात त्या चौघांना बसवायला जागा कुठे आहे?

त्याला तुमच्या लीगचे गुणांचे नियम तरी सांगितलेत का, ते आधी बघा. क्रिश्चन मॅकॅफ्री या रनिंग बॅकने २०१९ मध्ये ११६ झेल घेतले. डेरिक हेन्री या दुसऱ्या रनिंग बॅकने २०२० मध्ये २०२७ यार्ड धाव घेतली, पण झेल फक्त १९. झेलाला एक गुण देणाऱ्या पूर्ण पीपीआरमध्ये नुसत्या झेलांवर या दोन हंगामांत ९७ गुणांचा फरक पडतो, हाफमध्ये साडेअठ्ठेचाळीस, आणि झेलाला काहीच न देणाऱ्या लीगमध्ये शून्य. चुकीच्या नियमांवर काढलेला भाव म्हणजे सोन्याच्या दुकानात पितळेचा दर विचारण्यासारखं.

प्रश्न : दहाव्या आठवड्यात आठ सामने जिंकलेल्या संघाने आपला १२ गुणांचा तंदुरुस्त रिसीव्हर देऊन जखमी स्टार घेतला. देणारा संघ तीन जिंकून बसलाय. धडधाकट माणूस देऊन जखमी घेणारा वेडा की देणारा?

उत्तर : दोघेही शहाणे. इथे दोघांची कॅलेंडरं वेगळी आहेत. एनएफएलच्या इंज्युअर्ड रिझर्व्ह यादीत गेलेला खेळाडू किमान चार सामने बाहेर असतो. बहुतेक लीगचा साखळी टप्पा चौदाव्या आठवड्यात संपतो आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, १५ ते १७ मध्ये होतात. चौदाव्या आठवड्यात परतणारा स्टार आठ जिंकलेल्या संघाला अगदी हवा तेव्हा मिळतो. तीन जिंकलेल्याला उरलेले जवळपास सगळे सामने जिंकायचे आहेत. त्याला आजचे १२ गुण हवेत, डिसेंबरचे २० नकोत. त्याने मागताना थोडी ताठ मान ठेवून वर एक बदली रनिंग बॅकही मागायला हवा होता, एवढंच.

प्रश्न : आमच्या लीगमध्ये ट्रेडवर मतदान होतं आणि चार विरोधी मतं पडली की ट्रेड रद्द. यंदा सलग पाच ट्रेड रद्द झाले. लोक आता ट्रेडच मागत नाहीत. काय करावं? – सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : मतदान बंद करा. मत देणारे बाकीचे सगळेच प्रतिस्पर्धी आहेत. समोरचा बळकट होऊ नये यातच प्रत्येकाचा स्वार्थ. चांगला ट्रेड तर दोन संघांना बळ देतो, म्हणून चांगल्या ट्रेडलाच जास्त विरोध होतो.

व्हीटो संगनमतासाठी असतो, मूर्खपणासाठी नाही. आपला संघ बिघडवायचा हक्क ज्याने वर्गणी भरली त्याला आहे. संगनमत ओळखायला फळीचा हिशेब पुन्हा उपयोगी पडतो: ज्या ट्रेडमध्ये एका संघाची फळी आजही सुधारत नाही, प्लेऑफलाही सुधारत नाही आणि बेंचही भक्कम होत नाही, तिथे प्रश्न विचारा. आशा संपलेला संघ नोव्हेंबरमध्ये आपले चांगले खेळाडू एकाच मित्राकडे ओततो. एखादा खेळाडू बाय वीकपुरता, म्हणजे संघाच्या सुट्टीच्या आठवड्यापुरता, उसना जातो आणि पुढच्या आठवड्यात परत येतो. ही उसनवारी उघड दिसते, तरी अनेक लीगच्या नियमांत तिचा उल्लेखही नसतो. बक्षीस वाटून घ्यायचं ठरलेलं असतं. नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ एकाच लीगमध्ये असले तर लोक आधीच नजर रोखून बसतात, पण नातं हा पुरावा नव्हे.

लीग चालवणाऱ्या कमिशनरने दोघांना वेगवेगळं एकच विचारावं: ‘हा आल्यावर तुझ्या फळीत कोण कुठे बसणार?’ ज्याच्याकडे उत्तर आहे, मग ते चुकीचं का असेना, त्याचा ट्रेड मंजूर. ज्याला ततपप होतं त्याचा थांबवा. कमिशनरचा स्वतःचा ट्रेड असेल तर निर्णय दुसऱ्या दोघांनी द्यायचा, आणि ते दोघे हंगामाआधीच नेमलेले असावेत.

नवख्याची गोष्ट वेगळी. खेळाडू जखमी यादीत गेलाय हे माहीत नसताना त्याने तो घेतला, तर व्हीटो न घालता कमिशनरने दोघांना पुन्हा बसवावं. मात्र दोघांच्या ‘हो’नंतर खेळाडू जखमी झाला तर ट्रेड कायम, हे नियमात स्पष्ट लिहा, नाहीतर दर वर्षी यावर एक मैत्री तुटते. तपासणीला २४ तास पुरेत. ४८ ठेवलेत तर मंगळवारी रात्री उशिरा ठरलेला ट्रेड गुरुवार रात्रीच्या सामन्याआधी पार पडत नाही आणि खेळाडू जुन्याच संघाकडून खेळून मोकळा होतो.

ट्रेडची अंतिम मुदत अकराव्या ते तेराव्या आठवड्यात कुठेतरी ठेवतात. अकरावा बरा, कारण तोवर पूर्ण बाद झालेले संघ कमी असतात. आणि मुदतीनंतर बाद संघांना चांगले खेळाडू वेव्हरवर फेकता येऊ नयेत, ही खिडकीही बंद करा.

प्रश्न : मी पुण्यातून माझ्या अमेरिकी टीमच्या लीगमध्ये आहे. वेळेचा घोळ होऊन गेल्या महिन्यात ट्रेड हुकला.

उत्तर : भिंतीवर सामन्यांच्या या दोन वेळा लिहून ठेवा. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार गुरुवारचा सामना रात्री सव्वाआठला, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे पावणेसहा. रविवारचे दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात; त्या दिवसापासून पावणेसात आणि साडेअकरा. गुरुवारच्या सामन्यातला खेळाडू ट्रेडमध्ये असेल तर बुधवारी रात्री झोपण्याआधी ‘हो’ म्हणा. गुरुवारच्या चहापर्यंत थांबलात तर २४ तासांच्या तपासणीत तो अडकलाच.

प्रश्न : आमची डायनेस्टी लीग आहे, खेळाडू वर्षानुवर्षं राहतात. एकाने एका स्टारसाठी पुढच्या दोन वर्षांच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या पाळ्या (नवे खेळाडू निवडायचे हक्क) विकल्या. हे योग्य ठरवायचं कसं?

उत्तर : आज ठरवता येत नाही, हेच खरं. एनएफएलमध्येच बघा. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये डॅलस काउबॉइजनी आपला सर्वांत मोठा तारा हर्शल वॉकर मिनेसोटा वायकिंग्जना देऊन टाकला आणि बदल्यात पाच खेळाडू आणि ड्राफ्टच्या पाळ्यांची रास घेतली. डॅलसचा संघ तेव्हा रसातळाला होता, आणि एकमेव तारा विकला म्हणून शेरे त्यांच्यावरच पडले. त्या पाळ्यांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या संघाने १९९२, १९९३ आणि १९९५ च्या हंगामांचे सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले. मतदान असतं तर चार व्हीटो नक्की पडले असते, आणि तेही डॅलसला वाचवायला!

पाळीचा भाव करताना ती कुणाची आहे ते बघा. बारा संघांत पहिल्या फेरीतली पहिली पाळी आणि बारावी पाळी यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. स्टार घेणारा संघ त्यामुळे पुढच्या वर्षी वर येणार असेल तर त्याची पाळी उशिरा येणार, तेव्हा नववी-दहावी धरूनच बोला. दोन वर्षांपुढची पाळी आणखी स्वस्त धरा. रनिंग बॅक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झाला की त्याचा उतार सुरू होतो, हेही तराजूत टाका. रिसीव्हर त्यापुढेही काही वर्षं टिकतो.

तुमच्या लीगला खरा धोका वेगळाच आहे. पाळ्या विकून, कप घेऊन माणूस पुढच्या वर्षी लीगच सोडतो, आणि त्याचा बिनपाळ्यांचा संघ फुकटही कुणी घेत नाही. त्यावर एकच नियम चालतो: पुढच्या वर्षाची पाळी विकायची तर त्या वर्षाची वर्गणी त्याच दिवशी भरायची. दोन वर्षांच्या विकल्या तर दोन वर्षांची.