मुलगा बेसबॉलची तिकिटं विकायचं म्हणतोय

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा रटगर्स विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेच्या बेसबॉल संघात कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) होता, कॉलेजच्या संघात मात्र निवड झाली नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यानं ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर सुट्टीतली नोकरी केली. आता म्हणतो, मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलून स्पोर्ट मॅनेजमेंट घेतो, मायनर लीगच्या (वरच्या मेजर लीगसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या लीगच्या) एखाद्या संघाचा जनरल मॅनेजर होतो, आणि ते नाही जमलं तर कॉलेजात कोच. 'क्रिकेट असतं तर निदान समजलं तरी असतं,' हे त्याच्या बाबांचं म्हणणं. 'यात पोट भरतं का, आणि त्याला अडवायचं की नाही?' हा आईचा प्रश्न. शेवटी नाशिकच्या भाच्याबद्दलही दोन ओळी आहेत: त्यालाही हेच शिकायला अमेरिकेत यायचंय.

नमस्कार,

अडवू नका. पण लगेच मेजरही बदलू देऊ नका. आधी त्याच्या डोक्यातला एक गोंधळ दूर करायला हवा, आणि पत्रावरून वाटतं की तो तुमच्याही डोक्यात आहे.

मायनर लीगचा जनरल मॅनेजर खेळाडू निवडत नाही. सॉमरसेटचा संघ २०२१ पासून मेजर लीगमधल्या न्यू यॉर्क यँकीजचा डबल-ए, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ आहे. तिथं कोण खेळणार, कुणाला वरच्या संघात बढती, कुणाला नारळ, हे सगळं यँकीज ठरवतात. खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा पगारही तेच देतात. मैदानाकडेच्या डगआउटमध्ये बसून सामना चालवणारा मॅनेजरसुद्धा त्यांचाच माणूस. ब्रिजवॉटरच्या जनरल मॅनेजरच्या हातात काय? तिकिटं, खाण्याचे स्टॉल, पार्किंग, आउटफिल्डच्या भिंतीवरच्या जाहिराती, शुक्रवारची आतषबाजी, आणि हे सगळं सांभाळणारा स्टाफ. नाटक कंपनीचं, नट कंपनीचे, याच्याकडे थिएटर. पडदा वर जाताना खुर्च्या भरलेल्या हव्यात, एवढीच त्याची जबाबदारी, आणि ती काही छोटी नाही.

म्हणून तुमच्या मुलाला खेळ किती कळतो, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. कॅचर होता म्हणजे चांगलाच कळत असणार. अनोळखी माणसाला फोन करून, 'नाही' ऐकून, पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच माणसाला हसतमुखानं फोन करता येतो का, हे बघा. या धंद्यात शिरायचं मोठं दार तिकीटविक्रीचं आहे, त्यातही ग्रुप सेल्सचं. बाहेर बर्फ असताना, एप्रिलच्या पहिल्या सामन्याच्या कितीतरी आधी, शाळा, स्काउटची पथकं, चर्च, छोट्यामोठ्या कंपन्या यांना गाठायचं आणि उन्हाळ्यातल्या कुठल्यातरी गुरुवारी शंभर-दोनशे माणसं आणायला राजी करायचं. तुमच्या भागात एवढी भारतीय वस्ती आहे. मराठी मंडळाचा एक ग्रुप त्यानं स्वतः जमवून दाखवला, तर मुलाखतीत त्याला वेगळं काही बोलावं लागणार नाही.

हंगामात या नोकरीचं रूप आणखी बदलतं. २०२१ पासून बहुतेक मालिका सहा-सहा सामन्यांच्या असतात, मंगळवार ते रविवार, एकाच गावात. घरच्या मैदानावर मालिका असली की सकाळी फोन आणि ईमेल, दुपारी स्पॉन्सरचे बॅनर लावणं, संध्याकाळी गेटवर किंवा स्टँडमध्ये, आणि रात्री शेवटची गाडी पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत तिथंच. पाऊस आला तर ऑफिसातले झाडून सगळे मैदानात धावतात. अकाउंट्सवाला, सेल्सची मुलं, कित्येक ठिकाणी खुद्द जनरल मॅनेजरही. इनफिल्डवर, म्हणजे मैदानाच्या आतल्या चौकोनावर, ती अवजड ताडपत्री पळत पळत ओढायची. खाली वारा शिरला की ती फुगते आणि कडेला धरलेल्या माणसाला ओढून नेते. अर्ध्या तासानं पाऊस थांबला की तीच ताडपत्री, आता पाण्यानं दुप्पट जड झालेली, पुन्हा मागे. गेल्या उन्हाळ्यात मुलानं ती ओढली का, आणि घरी येऊन त्याबद्दल तक्रार केली की गंमत सांगितली, हे तुम्हाला आठवत असेल. माझ्या लेखी अ‍ॅप्टिट्यूड टेस्टपेक्षा त्या उत्तराला जास्त किंमत आहे.

आता बाबांची काळजी. ती क्रिकेट-बेसबॉलची नाहीच, स्थैर्याची आहे, आणि त्यात तथ्य आहे. २०२० मध्ये कोविडमुळे मायनर लीगचा अख्खा हंगाम रद्द झाला. पाठोपाठ मेजर लीगनं सगळी रचना बदलली आणि संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले. तुमच्या घरापासून फार लांब जायला नको: २००३ पासून यँकीजचा डबल-ए संघ ट्रेंटनला होता. त्या फेरबदलात यँकीजनी ट्रेंटन सोडलं आणि ब्रिजवॉटर धरलं. त्याआधी सॉमरसेटचा संघ कुठल्याही मेजर लीग संघाशी न जोडलेल्या अटलांटिक लीगमध्ये होता. म्हणजे ज्या ऑफिसात तुमच्या मुलाला नोकरी करायचीय, त्याचं भाग्य उजळलं तेव्हाच तासाभराच्या अंतरावरच्या ऑफिसवर कुऱ्हाड आली, आणि यात तिथल्या कुणाच्या तिकीटविक्रीचा फारसा संबंध नव्हता. एक उलटी बाजूही आहे. डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज नावाची कंपनी २०२१ मध्ये निघाली आणि तिनं बघता बघता डझनावारी संघ विकत घेतले. गावातल्या एका मालकाकडे पंधरा वर्षं वरची खुर्ची रिकामी होण्याची वाट बघण्यापेक्षा एकाच कंपनीच्या दुसऱ्या संघात बढतीवर जाणं आता सोपं झालंय. मात्र त्यासाठी गाव सोडायची तयारी लागते. न्यू जर्सीच हवं म्हणणाऱ्यानं यात पडू नये.

पगाराबद्दल ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. सुरुवातीला मूळ पगार कमी आणि वर कमिशन. सोबत शिकलेली कॉम्प्युटरवाली मुलं पहिल्याच वर्षी जे घरी आणतील, ते याला पुष्कळ वर्षं दिसणार नाही. जनरल मॅनेजर होईपर्यंत टिकणारे थोडे. पण जे सोडतात ते रिकाम्या हातानं जात नाहीत. विक्री येणाऱ्या माणसाला विद्यापीठाच्या निधी-विभागापासून सॉफ्टवेअर कंपनीपर्यंत कुठंही घेतात.

'नाहीतर कोच' या वाक्याशी मात्र माझं भांडण आहे. कॉलेज कोचिंग हा उरलासुरला पर्याय नव्हे, ती वेगळी शिडी आहे आणि पहिल्या पायऱ्या अधिकच अरुंद. आत्ता-आत्तापर्यंत डिव्हिजन वन या कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या बेसबॉल संघात एक सहायक कोच चक्क बिनपगारी असायचा, नियमानंच 'व्हॉलंटिअर'. जुलै २०२३ पासून कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएनं तो प्रकार बंद केला आणि त्या जागेला पगार देता येऊ लागला. सुधारणा आहे, पण त्यामुळे त्या खुर्चीसाठी रांग लांबली. तुमच्या मुलासारख्या, कॉलेजात न खेळलेल्या मुलाला खरी संधी डिव्हिजन थ्री या तिसऱ्या श्रेणीत. तिथं खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती नसते, कोचिंग स्टाफ छोटा असतो, आणि सहायक कोच व्हॅनही चालवतो, मैदानही आखतो, शाळाशाळांत फिरून मुलंही शोधतो. न्यू जर्सी याबाबतीत नशीबवान आहे: मॉन्टक्लेअर स्टेट विद्यापीठानं डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद तीनदा मिळवलंय (१९८७, १९९३, २०००), रोवन विद्यापीठही जुनं आणि नावाजलेलं.

दोन्ही शिड्या एकाच माणसानं चढल्याची उदाहरणं आहेत. सगळ्यांत मोठं नाव ब्रांच रिकीचं. हा मिशिगन विद्यापीठात वकिली शिकता शिकता तिथल्या बेसबॉल संघाचा कोच होता, १९१० ते १९१३. तिथंच जॉर्ज सिस्लर नावाचा मुलगा त्याच्या नजरेत भरला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या यादीत, गेला. मग रिकी व्यवस्थापनात शिरला, आणि सेंट लुइस कार्डिनल्समध्ये असताना त्यानं छोट्या गावांतले संघ पदरी बाळगून खेळाडू घडवायची 'फार्म सिस्टिम' उभी केली. आज ब्रिजवॉटरचा संघ यँकीजशी जोडलेला आहे, त्या पद्धतीचं मूळ तिथं. १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्ससाठी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केलं तेव्हाही रिकीनं त्याला आधी एक हंगाम मायनर लीगमध्ये, मॉन्ट्रियल रॉयल्सकडे पाठवलं. शंभर वर्षांपूर्वी हे जमून गेलं, कारण नोकऱ्यांचे असे कप्पे पडले नव्हते. आज कोचिंगमधून थेट तिकिटांच्या ऑफिसात किंवा उलट उडी मारणारे विरळा.

तरी मला मुलासमोर रिकीपेक्षा रॉन फ्रेझरचं उदाहरण ठेवावंसं वाटतं. मायामी विद्यापीठाचा हा कोच, १९६३ ते १९९२. संघाकडे पैसा नव्हता. त्यानं १९७७ मध्ये चक्क मैदानाच्या इनफिल्डवर टेबलं मांडून पाच हजार डॉलर ताट अशी मेजवानी ठेवली आणि निधी उभा केला. त्याच संघानं पुढे १९८२ आणि १९८५ मध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद, जिंकली. त्याच्या हाताखाली शिकलेला स्किप बर्टमन लुइझियाना स्टेटला गेला, पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, स्टँड भरवले आणि २००१ मध्ये त्या विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर झाला. म्हणजे कोचची टोपी घातली म्हणून विकणं सुटत नाही. कोचला तर अठरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना आपलं कॉलेज विकावं लागतं, दर वर्षी नव्यानं.

म्हणून सध्या एवढं करा. कॉम्प्युटर सायन्स राहू द्या, सोबत स्पोर्ट मॅनेजमेंटचे एक-दोन विषय घेता येतात का ते त्याच्या अ‍ॅकॅडेमिक अ‍ॅडव्हायजरला विचारायला सांगा. रटगर्सच्या बेसबॉल कोचना भेटून स्टुडंट मॅनेजरचं काम मागू दे. चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणारी ट्रॅकमॅन, रॅप्सोडोसारखी यंत्रं आता कॉलेजांतही आली आहेत. त्यांची माहिती नीट मांडून देणारा विद्यार्थी कोचला हवाच असतो, आणि इथं त्याचं कोडिंग कामी येईल. यातूनच एक तिसरा रस्ता निघतो: मेजर लीग संघांच्या विश्लेषण विभागाचा. खेळाडू निवडायची हौस असेल तर त्यानं तिकडं बघावं. तिथं कॉम्प्युटर सायन्सची पदवी स्पोर्ट मॅनेजमेंटपेक्षा वजनदार ठरते.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र ब्रिजवॉटरला पुन्हा गेटवर उभं राहायचं नाही. तिथंच सेल्समध्ये इंटर्नशिप मागायची, किंवा मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड लीगमध्ये जायचं. कॉलेजचे उत्तम खेळाडू तिथं लाकडी बॅटनं खेळतात, गावातल्या कुटुंबांकडे राहतात, आणि संघ चालवायला गावकऱ्यांसोबत इंटर्न लागतात. एका उन्हाळ्यात मैदान, कोच आणि विक्री तिन्ही जवळून दिसतं. त्यानंतरही तो स्पोर्ट मॅनेजमेंटच म्हणाला, तर मेजर बदलू द्या. ओहायो विद्यापीठानं या विषयाचा पहिला मास्टर्स अभ्यासक्रम १९६६ मध्ये काढला, डॉजर्सचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांच्या आग्रहातून. तिथलं माजी विद्यार्थ्यांचं जाळं आजही नोकऱ्या मिळवून देतं, पण तो खर्च दोन-तीन वर्षं नोकरी केल्यावर.

भाच्याला मात्र स्पष्ट 'नको' कळवा. तुमचा मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे असं तुम्ही लिहिलंय. भाचा स्टुडंट व्हिसावर येणार. स्पोर्ट मॅनेजमेंटच्या पदवीनंतर साधारणपणे वर्षभर काम करता येतं, आणि तिकीटविक्रीच्या पहिल्या नोकरीसाठी एच-वन-बीचा खर्च आणि खटाटोप करणारा मायनर लीगचा संघ मिळणं जवळपास अशक्य. कर्ज काढून त्या रस्त्यानं येण्यात शहाणपण नाही. तो शाळेत सॉफ्टबॉल खेळलाय आणि क्रीडा व्यवस्थापनच करायचंय म्हणतो, तर पुण्यात सिंबायोसिसचा अभ्यासक्रम आहे. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉलच्या लीग भारतात आहेत, आणि खुर्च्या तिथंही भरायच्याच असतात.

आरोग्यविम्याचं तुम्ही तळटीपेत विचारलंय. सव्वीस वर्षांचा होईपर्यंत मुलगा तुमच्या विम्यावर राहू शकतो, नोकरी कुठल्याही गावात असली तरी. फक्त तुमचा प्लॅन न्यू जर्सीबाहेरच्या डॉक्टरांना धरतो का, ते त्याच्या बाबांच्या एचआरकडून आत्ताच विचारून घ्या.