चष्म्याचा नंबर थांबतच नसेल तर

अरे, वर्षात तिसरा चष्मा म्हणालास आणि माझ्या पोटात गोळाच आला. एकविसाव्या वर्षी माझंही असंच सुरू झालं. रात्री सात रस्त्याच्या सिग्नलचा लाल दिवा शेपूट फुटल्यासारखा ओघळलेला दिसायचा. चष्म्याच्या दुकानात काचा बदलण्यात दीड वर्ष गेलं. तुझं जाऊ नये.

आता थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. सिव्हिललाही डोळ्यांचा विभाग आहे. नंबरचे जुने कागद तारखेप्रमाणे लावून ने, सिलिंडर नंबर (डोळ्याच्या असमान वक्रतेचा नंबर) वाढतोय का ते त्यावरून कळतं. ‘कॉर्नियाची टोपोग्राफी करायची का?’ हे स्वतःहून विचार. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि टोपोग्राफी म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा. नंबर असा सारखा बदलण्यामागे केराटोकोनस हा आजार असू शकतो. त्यात कॉर्निया पातळ होऊन पुढे येतो आणि साध्या तपासणीत सुरुवातीला हा आजार निसटू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर किती दिवस आधी काढायची तेही विचार, नाहीतर मोजमाप चुकतं. क्रॉस-लिंकिंगनं, म्हणजे कॉर्निया मजबूत करणाऱ्या उपचारानं, आजार वाढणं बहुतेकदा थांबतं, पण गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही, म्हणून घाई कर.

टोपोग्राफी नॉर्मल आली तर रेटिना (डोळ्याचा आतला पडदा) आणि रक्तातली साखर तपासून घे. रेटिना तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, गाडी चालवायला दादाला सोबत ने. एका डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. आणि डोळे चोळणं आजपासून बंद!