यूकेच्या ग्लोबल टॅलेंट व्हिसाचा अर्ज (डिजिटल तंत्रज्ञान) नाकारला जाऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांचा अनुभव, त्यातली पहिली पाच वर्षं आयटी सर्व्हिस कंपनीत आणि पुढची चार एका प्रॉडक्ट कंपनीत सीनियर बॅकएंड इंजिनिअर म्हणून. ग्लोबल टॅलेंट व्हिसा (आपल्या क्षेत्रात पुढे असलेल्या लोकांसाठीचा ब्रिटनचा व्हिसा) हवाय, पण ओळखीतल्या दोघांना नकार आल्यामुळे धास्ती वाटतेय.

या अर्जात नकाराच्या जागा दोन आहेत. पहिला टप्पा एन्डॉर्समेंटचा, म्हणजे क्षेत्रातल्या संस्थेकडून मान्यता मिळवण्याचा. तुम्ही तुमच्या क्षेत्रात खरंच पुढे आहात की नाही, हे तिथे ठरतं. डिजिटल तंत्रज्ञानासाठी हे काम टेक नेशन ही ब्रिटिश संस्था करते. (२०२३ मध्ये सरकारी अनुदान गेल्यावर ती बंद पडणार अशी बातमी होती. पुढे फाउंडर्स फोरम या उद्योजकांच्या गटानं ती घेतली आणि एन्डॉर्समेंटचं काम सुरूच राहिलं.) दुसरा टप्पा प्रत्यक्ष व्हिसाचा, तो होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे. एप्रिल २०२५ मधल्या दरांप्रमाणे पहिल्या टप्प्याचे ५६१ पौंड आणि दुसऱ्याचे २०५, म्हणजे एकूण ७६६ होते. हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) वेगळा, तेव्हा प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड. दर बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडाच धरा.

दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीची परीक्षा नाही, बँकेतली शिल्लक दाखवायची नाही, नोकरीची ऑफर लागत नाही. खरी लढाई पहिल्या टप्प्यात असते, त्यामुळे माझं बहुतेक उत्तर त्याबद्दलच आहे.

सर्वात आधी तुमची ती पहिली पाच वर्षं. टेक नेशनच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की सर्व्हिस डिलिव्हरी, प्रोसेस डिलिव्हरी, आउटसोर्सिंग, तांत्रिक किंवा मॅनेजमेंट कन्सल्टन्सी, ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारी सॉफ्टवेअर) कन्सल्टन्सी, सिस्टिम अ‍ॅडमिन या कामातल्या लोकांसाठी हा मार्ग नाही. त्यांना हवी असते प्रॉडक्टवर चालणारी कंपनी, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर किंवा प्लॅटफॉर्म बनवून त्यावर कमावणारी. क्लायंटचा प्रोजेक्ट कितीही अवघड असला, बँकेचं अख्खं कोअर सिस्टिम तुम्ही हलवलेलं असलं, तरी ते काम क्लायंटला विकलेल्या तासांत मोजलं जातं. भारतातल्या अनेक हुशार इंजिनिअरांचे अर्ज याच दगडावर आपटतात, आणि त्यात त्यांच्या हुशारीचा काही दोष नसतो. तेव्हा ती पाच वर्षं सीव्हीत ठेवा, पुराव्यात आणू नका. एक अपवाद: त्या काळात तुम्ही ओपन सोर्समध्ये (कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) काही केलं असेल तर ते तुमचं स्वतःचं आहे, कंपनी कुठली याच्याशी त्याचा संबंध नाही. फक्त ते मागच्या पाच वर्षांतलं हवं, कारण मुख्य निकष मागच्या पाच वर्षांपुरताच बघतो.

आता निकष. एक अनिवार्य: मागच्या पाच वर्षांत या क्षेत्रातली अग्रगण्य व्यक्ती म्हणून तुमची ओळख झालेली असणं. शिवाय चार ऐच्छिक निकषांपैकी दोन. पहिला नावीन्याचा. दुसरा, नोकरीच्या कामापलीकडे जाऊन क्षेत्रासाठी काही केल्याचा. तिसरा, प्रॉडक्ट कंपनीत तांत्रिक, व्यावसायिक किंवा उद्योजकीय पातळीवर ठळक योगदान दिल्याचा. चौथा संशोधनाचा. प्रत्येक निकषाला किमान दोन पुरावे लागतात. एकूण पुरावे जास्तीत जास्त दहा, प्रत्येक जास्तीत जास्त तीन ए-फोर पानांचा. सीव्ही आणि तीन शिफारसपत्रं या दहांत धरत नाहीत.

तुमच्यासारख्या बॅकएंड इंजिनिअरनं दुसरा आणि तिसरा निकष घ्यावा असं माझं मत आहे. नावीन्याचा निकष नावामुळे मोहात पाडतो, पण नोकरदारासाठी तो सर्वात निसरडा. कंपनीचं प्रॉडक्ट नवीन होतं हे सहज दाखवता येतं. त्यातलं नावीन्य तुमच्या डोक्यातून आलं हे दाखवणं फार कठीण. पेटंटवर संशोधक म्हणून तुमचं नाव असेल आणि ते तंत्र प्रत्यक्ष प्रॉडक्टमध्ये वापरात असेल, तरच तिकडे वळा. संशोधनाचा निकष शोधनिबंध नसताना कुणी घेऊच नये.

तीन पुरावे अनिवार्य निकषाला, तीन-तीन ऐच्छिकांना, अशी साधारण वाटणी ठेवा. एक कागद एकाच निकषाखाली मोजा. दहावी जागा भरायची म्हणून काहीतरी कोंबलं की परीक्षकाची नजर नेमकी त्या कमकुवत कागदावर जाते, त्यामुळे ती रिकामी राहिली तरी बिघडत नाही.

नकाराच्या पत्रात वारंवार दिसणारं कारण म्हणजे ‘वैयक्तिक योगदान स्पष्ट होत नाही’. आपल्याकडे ‘आम्ही केलं’ असं म्हणायची सवय असते, रेझ्युमेतही टीम पुढे असते. इथे ती सवय अंगाशी येते. उदाहरणार्थ, ‘पेमेंट प्लॅटफॉर्मच्या पुनर्रचनेत महत्त्वाची भूमिका बजावली’ या वाक्यातून परीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: व्यवहारांची रांग एकाच डेटाबेसवर अडकत होती, ती फोडून वेगळ्या रांगेवर नेण्याचा आराखडा मी लिहिला, चार इंजिनिअरांनी तो माझ्या देखरेखीखाली अमलात आणला, फसणाऱ्या व्यवहारांचं प्रमाण अमुक टक्क्यांवरून अमुक टक्क्यांवर आलं, आणि त्यामुळे कंपनीला अमुक बाजारात उतरता आलं. शेवटचा भाग लोक गाळतात. लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) कमी झाली इथपर्यंत येऊन थांबतात. पण परीक्षकाला धंद्यावर झालेला परिणाम हवा असतो: महसूल, वापरकर्ते, नवीन देश, मिळालेली गुंतवणूक.

आणि हे नुसतं सांगून भागत नाही, एकाच दाव्याला दोन-तीन बाजूंनी टेकू लागतो. डिझाइन डॉक्युमेंटचं पहिलं पान, ज्यावर लेखक म्हणून तुमचं नाव आणि तारीख आहे. डॅशबोर्डचा आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट. सीटीओ (मुख्य तंत्रज्ञान अधिकारी) किंवा इंजिनिअरिंग प्रमुखाचं पत्र, ज्यात तेच आकडे आहेत. हे तिन्ही मिळून तीन पानांत बसतात आणि एक भक्कम पुरावा होतो. आकडे गोपनीय असतील तर कंपनीची लेखी परवानगी घ्या आणि रकमेऐवजी टक्केवारी द्या. परवानगीशिवाय अंतर्गत कागद जोडून नोकरी धोक्यात घालू नका.

अनिवार्य निकषाखाली लोक जे जोडतात त्यातलं बरंच कंपनीच्या चार भिंतींच्या आतलं असतं. महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी, मॅनेजरची कौतुकाची ईमेल, अप्रेझलमधलं रेटिंग. ही ओळख आतली झाली. इथे बाहेरची लागते: मोठ्या परिषदेतलं भाषण, नावाजलेल्या प्रकाशनात तुमच्या कामाबद्दल आलेला मजकूर, बऱ्याच लोकांच्या वापरातल्या ओपन सोर्स प्रकल्पातली जबाबदारी, बाजाराच्या मानानं ठळकपणे जास्त पगार. पगार दाखवायचा असेल तर करारपत्र जोडा आणि तुमच्या देशात, तुमच्या पदाला सर्वसाधारण किती मिळतं याच्याशी तुलना करून दाखवा. तुलना नसेल तर परीक्षकाला तो आकडा मोठा की लहान हे कळायला मार्ग नाही. पैसे भरून मिळणारे पुरस्कार आणि पैसे देऊन छापून आणलेल्या ‘मुलाखती’ यांच्यापासून लांब राहा. असे कागद परीक्षकांच्या डोळ्यांखालून रोज जातात, आणि एक जरी सापडला तरी उरलेल्या फाइलवरचा विश्वास उडतो.

नोकरीपलीकडच्या कामाचा निकष सोपा वाटतो, म्हणूनच तिथे सर्वात जास्त घाई होते. अर्जाच्या दोन महिने आधी चार ब्लॉग, एक मीटअप आणि मेंटरिंगच्या साइटवर नोंदणी. तारखा सगळं बोलून दाखवतात. सातत्य दिसायला हवं, म्हणजे किमान वर्षभर पसरलेलं काम. मेंटरिंग दाखवणार असाल तर ज्यांची निवडप्रक्रिया आहे अशा सुसूत्र कार्यक्रमातलं दाखवा, आणि आयोजकांचं पत्र घ्या. स्वतःच्या कंपनीतल्या ज्युनियरना शिकवणं हे तुमचं कामच आहे, ते इथे चालत नाही. ओपन सोर्स असेल तर नुसती प्रोफाइल न जोडता मर्ज झालेले (म्हणजे प्रकल्पात स्वीकारले गेलेले) बदल, त्यांच्या तारखा, तो प्रकल्प किती जण वापरतात आणि त्यात तुमचा अधिकार काय, हे एका पानावर मांडा. तुमच्याकडे हे अजून नसेल तर स्पष्टच सांगतो, अर्ज वर्षभर पुढे ढकला.

शिफारसपत्रं तीन लागतात. लिहिणारी व्यक्ती डिजिटल तंत्रज्ञान क्षेत्रातली प्रस्थापित तज्ज्ञ हवी आणि तिला तुमचं काम किमान बारा महिने माहीत असावं. पत्र याच अर्जासाठी लिहिलेलं, तारीख आणि सही असलेलं, संपर्काचा तपशील दिलेलं. शिवाय लिहिणाऱ्याची स्वतःची ओळख त्यातच द्या किंवा सोबत त्याचा सीव्ही जोडा. मजकुरात चार गोष्टी याव्यात: तो तुम्हाला कसा ओळखतो, तुम्ही नेमकं काय केलं, ते इतरांपेक्षा वेगळं का, आणि ब्रिटनच्या तंत्रज्ञान क्षेत्राला तुमचा काय उपयोग होईल.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. तिन्ही पत्रं एकाच कंपनीतली, किंवा एखादं बरोबरीच्या सहकाऱ्याचं. एक तरी पत्र बाहेरच्या माणसाचं घ्याच, म्हणजे तुमचं नाव कंपनीबाहेर पोहोचलंय हे दिसतं. दुसरी चूक म्हणजे अर्जदारानं एकच मसुदा तिघांना पाठवायचा आणि तिघांनी सही करून परत द्यायचा. शब्द सारखे, परिच्छेदांचा क्रम सारखा, इतकंच काय स्वल्पविरामही सारखे. त्यापेक्षा प्रत्येकाला मुद्द्यांची वेगळी यादी द्या: ज्यानं तुमचं जे काम पाहिलं, त्यानं तेवढंच लिहावं. मोठ्या नावाच्या माणसाचं गुळमुळीत पत्र आणि तुलनेनं कमी प्रसिद्ध सीटीओचं तपशीलवार पत्र यांत मी दुसरं निवडेन, फक्त त्याचा अधिकार सीव्हीतून दिसायला हवा.

टॅलेंट की प्रॉमिस? एन्डॉर्समेंटचे हे दोन प्रकार आहेत. आतापर्यंत सांगितलं ते टॅलेंटचं. प्रॉमिस हे कारकिर्दीच्या सुरुवातीच्या लोकांसाठी, साधारणपणे क्षेत्रातला अनुभव पाच वर्षांपेक्षा कमी असलेल्यांसाठी. नऊ वर्षांनंतर ‘निकष सोपे असतील’ म्हणून तिकडे जाणं उलटतं. टॅलेंटमधून तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, प्रॉमिसमधून पाच.

कागद मांडतानाच्या काही बारीक गोष्टी, ज्यांच्यामुळे चांगले अर्ज अडकतात. लिंक उघडून कुणी आत बघेल या भरवशावर राहू नका, जे दाखवायचंय ते पानावरच छापलेलं हवं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, पत्ता आणि तुमचं नाव दिसलं पाहिजे. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टोपणनाव, जुन्या लेखावर लग्नाआधीचं आडनाव असं असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत हे पहिल्याच पानावर पुराव्यासह जोडून दाखवा. मराठी वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क. त्यासाठी तीन पानांत आधीच जागा धरा. प्रत्येक पुराव्याच्या वर दोन ओळींत लिहा की हा कागद कुठल्या निकषासाठी आणि काय सिद्ध करतो. वैयक्तिक निवेदनात ब्रिटनची स्तुती नको. तिथे जाऊन कुठल्या उपक्षेत्रात आणि कशा प्रकारच्या कंपन्यांसोबत काय करणार, ते लिहा.

दोन्ही टप्प्यांचे अर्ज एकदम भरता येतात, पण एन्डॉर्समेंट नाकारलं गेलं की व्हिसाचा अर्जही टिकत नाही. भारतातून अर्ज करणाऱ्यानं ती घाई का करावी? एन्डॉर्समेंट मिळाल्यावर व्हिसासाठी तीन महिने असतात, तेवढे पुरतात. त्या वेळी होम ऑफिसनं मान्य केलेल्या क्लिनिकमधलं टीबीचं प्रमाणपत्र लागतं. ते सहा महिनेच चालतं, म्हणून फार आधी काढू नका. आणि कुठल्याही देशाचा व्हिसा पूर्वी नाकारला गेला असेल, तर फॉर्ममध्ये तो लिहाच. तो जुना नकार सहसा अडचण करत नाही. लपवला तर मात्र फसवणूक ठरते, आणि त्यापायी दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

एवढं करूनही एन्डॉर्समेंट नाकारलं गेलं तर २८ दिवसांच्या आत फेरविचार मागता येतो, त्याला शुल्क नाही. पण त्यात नवीन कागद बघितले जात नाहीत. परीक्षकानं दिलेला पुरावा नजरेआड केला किंवा निकष चुकीचा लावला असेल तरच त्याचा उपयोग, आणि तेव्हा ‘पुरावा क्रमांक ४, पान २’ इतकं नेमकं बोट ठेवा. पुरावाच कमी पडला असेल तर फेरविचारात शक्ती घालवू नका. नकाराच्या पत्रातला प्रत्येक आक्षेप वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, त्याच्यासमोर नवीन काय जोडता येईल ते लिहा, आणि तो रकाना भरल्यावरच पुन्हा शुल्क भरा.