वाचक विचारतात: अंतर तेच, मग जाताना जास्त वेळ का?

प्रश्न: मे महिन्यात मुलाकडे लंडनला जायचं आहे. तिकिटावर मुंबईहून दुपारी १.१५ला सुटून संध्याकाळी ६.१५ला पोहोचणार असं आहे, म्हणजे पाचच तास. खाली मात्र ‘९ तास ३० मिनिटे’. परतताना रात्री ८.३०ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०ला मुंबई, आणि प्रवास ९ तास. हे कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. जाताना हा फरक मिळवायचा: पाच अधिक साडेचार, साडेनऊ. येताना वजा करायचा: साडेतेरातून साडेचार गेले, उरले नऊ. मे महिन्यात साडेपाच धरले की तासाची चूक होते आणि न्यायला येणारा माणूस भलत्याच वेळी विमानतळावर उभा राहतो.

उरलेला अर्धा तास वाऱ्याचा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा. समोरून सरासरी ६० चा वारा असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ८४० होतो आणि साडेआठ तासांहून थोडं जास्त लागतं. तोच वारा पाठीशी असेल तर ९६०, म्हणजे साडेसात तास. थंडीत हा झोत जोर धरतो, तेव्हा तफावत आणखी वाढते.

यात टॅक्सीइंगही, म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणंही, धरा. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत आणि उड्डाणाआधी रांग लागते.

शिवाय ७,२०० हे सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून पाहा: तो पाकिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२पासून बंद आहे, आणि एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. वळसा पडला की वेळ वाढतो. म्हणून कंपन्यांची तुलना करताना निव्वळ भाडं पाहू नका, प्रवासाचा एकूण वेळही पाहा.

आणि तारीख नीट वाचा. तुमचं विमान दुपारचं आहे, पण परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेच्या पहाटे २चं विमान म्हणजे घरून १४ तारखेच्या रात्रीच निघायचं. ही चूक फार महागात पडते.

प्रश्न: नागपूरला विमानानं जावं की समृद्धी महामार्गानं?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर, तिकिटावर साधारण दीड तास. समृद्धी ७०१ किलोमीटर, पण तो भिवंडीजवळ आमण्यापासून मोजलेला. भांडुप ते आमणे वेगळं. विमानासाठी घर ते घर पाच तास धरा. चौघं आणि सामान असेल तर गाडी परवडते, मात्र चालक दोन हवेत.