नवा लॅपटॉप नको, आधी प्रोजेक्ट हलवा

विंडोज ११, ८ जीबी रॅम, डब्ल्यूएसएल-२ मध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू हे लिनक्स आणि त्यात डॉकरवर (ॲप वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) नोडचं, म्हणजे जावास्क्रिप्टचं ॲप नि पोस्टग्रेस हा डेटाबेस. ॲप रखडतं, कोड बदलला तरी ब्राउझरमध्ये दिसत नाही, म्हणून नवा लॅपटॉप घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात खर्च करू नका.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन उबुंटूच्या टर्मिनलवर पीडब्ल्यूडी ही आज्ञा टाका, ती तुम्ही कोणत्या फोल्डरमध्ये आहात ते सांगते. उत्तर 'एमएनटी'ने सुरू होऊन पुढे 'सी' आलं, तर दुखणं सापडलं: प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राइव्हवर आहे. डब्ल्यूएसएल-२ हे हलकं असलं तरी व्हर्च्युअल मशीनच आहे. त्यात खरं लिनक्स कर्नल चालतं, त्याची स्वतःची ईएक्सटी-४ (लिनक्सची फाइल साठवण्याची पद्धत) डिस्क असते. सी ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल त्याला ९पी या प्रोटोकॉलमधून (फाइल्स मागण्याची ठरलेली पद्धत) विंडोजकडे मागावी लागते. एकच मोठी फाइल असेल तर फारसं जाणवत नाही. नोड मॉड्यूल्समध्ये (ॲपला लागणाऱ्या तयार कोडचा फोल्डर) मात्र हजारो बारक्या फाइल्स, आणि प्रत्येकीसाठी वेगळा हेलपाटा. तुमचा दुसरा त्रासही इथलाच. फाइल बदलल्याची खबर लिनक्समध्ये आयनोटिफाय देतं, ती खबर या वाटेने पोचतच नाही. मीही यात दोन दिवस घालवलेत, दोष डॉकरफाइलमध्ये, म्हणजे कंटेनर कसा बांधायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये, शोधत बसलो होतो.

म्हणून उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये प्रोजेक्ट गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) नव्याने क्लोन करा, म्हणजे त्याची ताजी प्रत उतरवा. जुना फोल्डर नुसता कॉपी करू नका, विंडोजचे ओळशेवट (ओळ संपल्याची लिनक्सपेक्षा वेगळी खूण) सोबत आले की शेल स्क्रिप्ट अडतात. व्हीएस कोड त्याच टर्मिनलमधून उघडा.

पोस्टग्रेसचा डेटा नेम्ड व्हॉल्यूममध्येच (डॉकर स्वतः सांभाळतो ती नाव दिलेली साठवणीची जागा) ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फोल्डरला जोडलात तर परवानग्यांवरून पोस्टग्रेस सुरूच होणार नाही, असं बरेचदा होतं. आणि कृपा करून कंपोझ डाउनला (कंटेनर बंद करून काढणारी डॉकरची आज्ञा) 'व्ही' हा पर्याय जोडू नका. व्हॉल्यूम जातं, त्याबरोबर डेटाही.

रॅमचं म्हणाल तर डब्ल्यूएसएल-२ एरवी निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी. विंडोजच्या यूजर फोल्डरमध्ये डॉटडब्ल्यूएसएलकॉन्फिग ही सेटिंगची फाइल करून मेमरी ३ जीबीवर बांधा आणि डब्ल्यूएसएल शटडाउन करून पुन्हा सुरू करा. क्रोमचे टॅब उघडे ठेवून दिवसभर काम करायचं तर हे लागेलच.

एवढं करूनही रॅम भरत असेल, तर लॅपटॉपमध्ये मोकळा स्लॉट आहे का ते पाहा. ८ जीबीची एक पट्टी टाकून भागेल.